स्कॅलप : आधी बघा टोक कुठल्या बाजूला आहे

प्रश्न (भाषांतर)

गृहोपयोगी मजकुराचं भाषांतर चालू आहे. त्यात 'स्कॅलप' हा शब्द चार ठिकाणी आलाय : 'सीअर्ड स्कॅलप्स', 'स्कॅलप्ड पोटॅटोज', झग्याचं 'स्कॅलप्ड हेम' आणि पाव कापायची 'स्कॅलप्ड' सुरी. सगळीकडे 'शिंपला' लिहिलं तर अर्थाचा बोऱ्या वाजतो. दुसऱ्या पाककृतीत तर मासळीचा मागमूसही नाही. चारही जागी चालेल असा एक मराठी शब्द आहे का? नसला तर कुठे काय लिहावं?

उत्तर (मासळी आणि स्वयंपाक)

एकच शब्द चालणार नाही. मुळापासून सांगते, म्हणजे कुठे काय लिहायचं ते आपोआप सुटेल.

स्कॅलप हा दोन झडपांचा समुद्री प्राणी. तिसऱ्या, कालवं, शिणाणे यांचा लांबचा भाऊबंद. शिंपला पंख्यासारखा, एका बिंदूतून बाहेर पसरलेल्या उंचसखल रेघांचा, आणि त्या रेघांमुळे कड गोल-गोल झालेली. हाच पंखा शेल कंपनीच्या चिन्हात 1904 पासून आहे. स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची खूणही हीच. म्हणून फ्रेंचमध्ये या प्राण्याला 'कोकीय सँ-झाक' म्हणतात आणि जर्मनमध्ये 'याकोब्समुशेल', म्हणजे संत जेकबचा शिंपला. मेन्यूवर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी प्राणी तोच.

पाककृतीत '12 स्कॅलप्स' म्हटलं की 12 शिंपले घ्यायचे नसतात. तिसऱ्या खाल्ल्यावर शिंपल्याला आतून चिकटून राहणारा बारीकसा पांढरा तुकडा आठवा, जो दातांनी खरवडून काढावा लागतो. झडपा मिटायचा स्नायू तो. तिसरीत असे दोन असतात, दोन टोकांना, आणि दोन्ही चिमुकले. स्कॅलपमध्ये एकच असतो आणि तो पेढ्याएवढा वाढलेला असतो. कारण हा प्राणी वाळूत रुतून बसत नाही, झडपा फटाफट मिटून पाणी मागे फेकतो आणि पोहतो. बाजारात विकली जाते ती ही स्नायूची गोटी. युरोपात तिच्यासोबत नारिंगी गाबोळीही ठेवतात, अमेरिकेत बहुधा काढून टाकतात.

म्हणून पाककृतीत 'स्कॅलप' तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'पंख्याच्या आकाराच्या शिंपल्यातली पांढरी गोटी' एवढा खुलासा द्या. 'तिसऱ्या' किंवा 'कालवं' अजिबात लिहू नका. ती आपण अख्खी खातो, आणि त्यांचा शिजायचा हिशेबच वेगळा.

मूळ मजकुरात 'यू-10' सारखा आकडा असेल तर तोही उलगडून द्या. एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, दहापेक्षा कमी नग, असा त्याचा अर्थ. म्हणजे एक गोटी 45 ग्रॅमच्या वर. '20/30' म्हणजे पौंडाला 20 ते 30, एकेक साधारण 15 ते 23 ग्रॅम. मराठी वाचकाला ग्रॅमच उपयोगी.

'सीअर' साठी 'भाजणे' नको, 'परतणे' तर नकोच. परतताना आपण सतत हलवतो. इथे तव्यावर ठेवल्यावर हात लावायचा नसतो. 'कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करणे' असं लिहा. आणि कृतीच्या पायऱ्या भाषांतरात गाळू नका, प्रत्येकीला कारण आहे. गोठवलेले असतील तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायचे. गोटीच्या कडेला एक चपटी चिवट पट्टी असते, ती बोटांनी ओढून काढायची, नाहीतर घास चामट लागतो. कागदाने अगदी कोरडं पुसायचं, मीठ गोटी तव्यावर ठेवायच्या क्षणी लावायचं. बीड किंवा जाड स्टीलचा तवा धूर दिसेपर्यंत तापवायचा, चमचाभर तेल, आणि दोन गोट्यांत बोटभर अंतर. पहिली बाजू दीड ते दोन मिनिटं, दुसरी एक मिनिट. याच्या पुढे गेलं की रबर.

बिघडतं बहुतेक वेळा पाण्यामुळे. पुष्कळसा माल सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेला असतो. मांस ते पाणी धरून ठेवतं, वजन वाढतं, आणि तव्यावर सगळं बाहेर येतं. पाणी आहे तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस रंगाला त्याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते. मग गोटी करड्या रंगाची उकडते. पाण्यातल्या मालाचा रंग कागदासारखा पांढराफेक असतो आणि पिशवीत दुधाळ पाणी साठलेलं दिसतं. कोरडा माल हस्तिदंती, कधी गुलाबी झाक असलेला. इंग्रजीतले 'वेट' आणि 'ड्राय' हे शब्द या अर्थाचे आहेत. 'ड्राय स्कॅलप' चं भाषांतर कुणी 'सुकवलेले' करेल, ती मोठी चूक. सुकवलेले हा चिनी स्वयंपाकातला वेगळा पदार्थ आहे, आपल्या सोड्यांच्या जातीचा. 'न भिजवलेले' असं लिहा.

कोकणच्या मासळीबाजारात ही गोटी नेहमीचा माल नाही. पर्यायी साहित्य सुचवायचं असेल तर मोठी कोळंबी सुचवा. चव वेगळी, पण शिजायला लागणारा वेळ जवळचा.

उत्तर (तेच, पुढे)

'स्कॅलप्ड पोटॅटोज' राहिले. पातळ काप दूध-सायीत घालून ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे. नावाबद्दल दोन मतं आहेत : असे पदार्थ पूर्वी शिंपल्यात किंवा शिंपल्याच्या आकाराच्या ताटलीत भाजत म्हणून, किंवा 'कॉलप' म्हणजे काप या जुन्या शब्दावरून. मराठीला दोन्ही मतांत अडकायची गरज नाही. आपल्याकडे सुरणाचे काप, वांग्याचे काप आहेतच. 'दुधा-सायीतले बटाट्याचे काप' लिहा. काप 3 मिमीचे, 1 किलो बटाट्यांना अर्धा लिटरच्या थोडं वर दूध-साय, 180 अंशांवर तासभर ते सव्वा तास. काप केल्यावर धुवायचे नाहीत, कारण त्यांच्यातलंच पिठूळ सत्त्व दूध दाट करतं. निव्वळ पातळ दूध आणि कडक आच असली तर ते फाटून दाणेदार होतं.

मांसाच्या पातळ चपट्या तुकड्याला 'एस्कलोप' म्हणतात, अमेरिकेत 'स्कॅलप' सुद्धा. 'व्हील स्कॅलप' मध्ये समुद्र कुठेच नाही, तो वासराच्या मांसाचा काप. शब्दाचा उगम एकच, जुन्या फ्रेंचमधला 'एस्कलोप' म्हणजे शिंपला.

आणखी एक, सिडनी-ब्रिस्बेनकडच्या मराठी वाचकांसाठी. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये फिश-अँड-चिप्सच्या दुकानातला 'पोटॅटो स्कॅलप' म्हणजे पिठात बुडवून तळलेला बटाट्याचा जाड काप. थोडक्यात बटाट्याची भजी, फक्त बेसनाऐवजी मैद्याची. तोच व्हिक्टोरियात 'पोटॅटो केक' होतो. फळ्यावर नुसतं 'स्कॅलप' लिहिलं असेल तर विचारून घ्यावं. शाकाहारी माणसाने तेलाचंही विचारावं, कारण बहुधा मासे त्याच कढईतून निघालेले असतात.

उत्तर (शिवणवर्ग)

झग्याच्या घेराबद्दल मी लिहिते. बाजारात 'स्कॅलप बॉर्डर', 'कटवर्क' असंच बोलतात आणि दुकानात तेच कळतं. पण लेखनात मराठी शब्द हवा असेल तर 'कंगोरेदार काठ' हा पर्याय लगेच सुचतो, आणि तोच मला चुकीचा वाटतो. कंगोरा म्हणजे वर आलेलं टोक, तटबंदीच्या माथ्यावर असतं तसं. स्कॅलप काठात बाहेर येते ती गोलाई. टोक असतं ते आत, कापडाकडे. 'करवती काठ' तर त्याहून दूर, त्यात करवतीचे सरळ दाते असतात. 'नागमोडी' मध्ये टोकच नसतं, वळण सलग वाहतं. म्हणून 'महिरपी काठ' किंवा 'पाकळ्यांचा काठ' म्हणावं.

आकार कसा काढतात ते पाहिलं की हा फरक हाताला कळतो. समजा बाहीचा घेर 30 सेंमी आहे आणि पाकळी साधारण 4 सेंमीची हवी. 30 भागिले 4, साडेसात येतात. अर्धी पाकळी कधी ठेवू नये, म्हणून 8 घ्या, एकेक पावणेचार सेंमीची. बाहीची जोडशिलाई दोन पाकळ्यांमधल्या आतल्या टोकावर यायला हवी. पाकळीच्या पोटावर आली तर तिथे जाडी येते आणि गोलाई मोडते.

वाटी ठेवून गोल काढायचा तर कुठली वाटी? रुंदीचा वर्ग भागिले खोलीची आठपट, त्यात खोलीचा निम्मा मिळवा, ती त्रिज्या. रुंदी 4, खोली 1 सेंमी धरली तर 16 भागिले 8 म्हणजे 2, अधिक अर्धा : अडीच सेंमी त्रिज्या, म्हणजे 5 सेंमी व्यासाची वाटी. ती वाटी अर्धी न टेकवता फक्त 1 सेंमी बाहेर डोकवेल अशी ठेवायची. नवशिके अख्खं अर्धवर्तुळ काढतात, मग दोन पाकळ्यांमधली फट इतकी चिंचोळी होते की तिथे उलटवताच येत नाही.

शिवताना पट्टी सुलट बाजूवर ठेवून आखलेल्या रेघेवर शिलाई. टाका अडीच मिमीऐवजी दीड मिमीवर आणा, मोठ्या टाक्यात गोलाईचे कोपरे दिसतात. आतल्या टोकाशी सुई कापडात ठेवून मशिनचा पाय उचला, कापड फिरवा, एक टाका आडवा घ्या, पुन्हा फिरवा. थेट 'व्ही' केला तर काप द्यायला जागा उरत नाही. मग माया, म्हणजे शिलाईबाहेरचं कापड, 3 मिमीवर कापा, आतल्या टोकाला शिलाईपासून 1 मिमीपर्यंत सरळ काप, आणि गोलाईवर मात्र बारीक त्रिकोणी तुकडे काढून टाका. गोलाई उलटवली की आतली माया कमी जागेत दाटते, तिला सुरकुत्या पडतात. म्हणून तिथे कापड कमी करावं लागतं. टोकाशी मात्र कापड ताणलं जातं, म्हणून तिथे मोकळं करावं लागतं. दोन्हीकडे सारखेच काप देणाऱ्यांची पाकळी कधीच गोल बसत नाही.

शिफॉन, क्रेप सरकतं. खाली बटर पेपर ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. जरीच्या विणलेल्या काठाला कापून महिरप करू नका, जर उसवत जाते. वेगळी पट्टी करून जोडा. हाताने करायचं असेल तर रेघेवर धावदोऱ्याचे दोन फेर, त्यावर दाट काजटाका, आणि सगळ्यात शेवटी कात्री. काजटाक्याची गाठीची बाजू बाहेर हवी, कारण कापलेली कड तीच धरून ठेवते.

क्रोशाच्या पुस्तकात हाच काठ 'शेल' नावाने येतो. एका घरात 5 खांब (उंच टाके), दोन्ही बाजूंना 2-2 घरं सोडून एकेक मुका खांब (बुटका टाका). एका नक्षीला 6 घरं लागतात. कोपऱ्यावर 5 ऐवजी 7 खांब घ्या, नाहीतर रुमालाचा कोपरा आत वळतो.

उत्तर (वास्तू)

शिवणवर्गाच्या उत्तराला जोडून. 'महिरप' अगदी योग्य. तो शब्द मिहराबवरून आला असला तरी मराठीत पूर्ण मुरला आहे : देवघराची महिरप, मखराची महिरप, पानाभोवती रांगोळीची महिरप. पेशवाई वाड्यांच्या दिवाणखान्यात सुरूच्या लाकडी खांबांमध्ये जी कमान दिसते, ती हीच. शाळेच्या गणितातला 'महिरपी कंस' सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मधोमध दोन वळणं एका टोकात भेटतात, ते टोकच महिरपीची ओळख.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. कमानीच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं तर तिची कड पाकळ्यापाकळ्यांची, गोलाई बाहेर. लाकडाकडे पाहिलं तर त्याच रेघेत टोकं पोकळीत डोकावतात. रेघ एकच, पण वस्तू कुठली ते ठरल्याशिवाय टोक आत की बाहेर ते ठरत नाही. इंग्रज ढाल-चिन्हांच्या शास्त्रात यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत, 'इनव्हेक्टेड' आणि 'एनग्रेल्ड'. रोजच्या इंग्रजीत मात्र दोन्हींना सर्रास 'स्कॅलप' म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने शब्दावर न थांबता चित्र मागवावं.

सुरीचंही तसंच. पाव कापायच्या काही सुऱ्यांना टोकं बाहेर असतात, त्या कडक कवचात पटकन शिरतात पण मऊ पावाचा चुरा पाडतात. काहींना गोलाई बाहेर असते, त्या चुरा कमी पाडतात, पण कडक कवचावर सुरुवातीला घसरतात. पहिलीला 'दातेरी', दुसरीला 'महिरपी धारेची' म्हणा. पात्याच्या बाजूवर लंबगोल खळगे असतील, तर त्यांनाही कुणी 'स्कॅलप' म्हणतं. ते धारेवर नसतात, कापलेली चकती पात्याला चिकटू नये म्हणून असतात. तिथे 'खळग्यांचं पातं'.

उत्तर (टूलरूम, भोसरी)

आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवायच्या कारखान्यात, हा शब्द रोज लागतो आणि इथे 'कंगोरा' च बरोबर आहे. गोल टोकाच्या कटरने साच्याचा वक्र भाग कापला की प्रत्येक फेरीचा एक उथळ पन्हळ पडतो आणि दोन पन्हळांमध्ये धारदार कणा उरतो. त्या कण्याची उंची म्हणजे 'स्कॅलप हाइट'. खोलगट भाग गोल आणि टोक बाहेर, म्हणजे शिवणवर्गाच्या काठाच्या नेमकं उलट. 'कंगोऱ्याची उंची' लिहा.

वाटीचं सूत्र वाचून आनंद झाला, कारण आमचं तेच आहे, फक्त उलट बाजूने मांडलेलं. दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा, म्हणजे 'स्टेपओव्हर' चा, वर्ग भागिले त्रिज्येची आठपट म्हणजे कंगोऱ्याची उंची. खोली अगदी कमी म्हणून तिचा निम्मा भाग सोडून देता येतो. 10 मिमी व्यासाचा कटर, त्रिज्या 5. स्टेपओव्हर 1 मिमी ठेवला तर 1 भागिले 40, म्हणजे 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). अर्धा मिमी केला तर सव्वासहा मायक्रॉन. अंतर निम्मं केलं की उंची चौथाई होते, पण मशिनचा वेळ दुप्पट. म्हणून शक्य तिथे आधी मोठा कटर घ्यावा, मग स्टेपओव्हरला हात घालावा. 20 मिमीच्या कटरने त्याच अर्ध्या मिमीत तीन मायक्रॉनच्या आसपास येतो.

उतारावर लोक फसतात. स्टेपओव्हर वरून, सपाटीत मोजला असेल तर 45 अंशांच्या उतारावर खरं अंतर अर्ध्याऐवजी 0.7 मिमी होतं आणि कंगोरा दुप्पट, साडेबारा मायक्रॉन. सपाट भाग गुळगुळीत आणि भिंतीवर लाइनी दिसतात, त्या यामुळे. प्रोग्रॅममध्ये 'कॉन्स्टंट स्कॅलप' हा पर्याय असतो तो यासाठी : अंतर पृष्ठभागावरून मोजलं जातं आणि कंगोरा सगळीकडे सारखा राहतो. भाषांतर 'समान कंगोरा' करा, 'स्थिर शिंपला' असं काही नको.

वेल्डिंगच्या ड्रॉइंगवरचा 'स्कॅलप' पुन्हा निराळा. दोन पट्ट्यांची जोडशिलाई आडव्या पट्टीखालून अखंड जावी म्हणून आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात अर्धगोल खाच कापतात. जहाजबांधणीत पावलोपावली दिसते, वर्कशॉपमध्ये 'रॅट होल' म्हणतात. त्या खाचेच्या काठावर वेल्ड वळवून पूर्ण केला नाही तर भेग तिथूनच सुरू होते. तिथे 'खाच' पुरे.

उत्तर (संगीत)

गिटारचा 'स्कॅलप्ड फ्रेटबोर्ड' यादीत हवा. दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढतात, म्हणजे बोट लाकडाला टेकत नाही आणि तार ओढून किंवा खाली दाबून स्वर चढवता येतो. सतारीचे पडदे दांडीपासून उंच असतात म्हणून मींड निघते, तीच सोय गिटारवर. 'शक्ती' या भारतीय संगीत आणि जॅझच्या मेळात गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांची गिटार अशीच कोरलेली होती. तोटा असा की जोर जरा जास्त लागला तरी स्वर बेसूर चढतो. इथे कड नाही, टोक नाही, फक्त खळगा आहे. 'खोलवलेली पट्टी'.

प्रश्न (भाषांतर)

सुरीचं चित्र पाहिलं, गोलाई बाहेर आहे. 'महिरपी धार' घेते. आणखी दोन शंका. एका यादीत 'स्कॅलियन' आणि 'शॅलट' लागोपाठ आले आहेत, त्यांचा याच्याशी संबंध आहे का? आणि 'स्कॅलप' तो की ते?

उत्तर (मासळी आणि स्वयंपाक)

काहीच संबंध नाही, आणि घाईत हीच गफलत होते. स्कॅलियन म्हणजे पातीचा कांदा. शॅलट म्हणजे सांबारात अख्खे घालतात तशा जातीचे छोटे कांदे. पातीच्या कांद्याच्या जागी चुकून स्कॅलप छापला गेला तर शाकाहारी घराची पाककृती वाया जाते, आणि शिंपल्यांची ॲलर्जी असलेल्या माणसाची भलतीच दिशाभूल होते. ॲलर्जीच्या सूचनेत नुसतं 'मासे' लिहू नका. मासे वेगळे, कोळंबी-खेकडे वेगळे, आणि स्कॅलप मृदुकाय प्राण्यांत, कालवं-तिसऱ्यांच्या बाजूला. 'शिंपल्यातले प्राणी' असं स्पष्ट लिहा.

लिंग पुल्लिंगी ठेवा : तो स्कॅलप, ते स्कॅलप. अनेकवचनाला इंग्रजी 'स' लावून वर मराठी प्रत्यय चढवला की 'स्कॅलप्सना', 'स्कॅलप्सचे' होतं, ते बोजड आहे. 'स्कॅलपांना मीठ लावा', 'स्कॅलपांमधलं पाणी टिपा' असं सरळ चालवा. ब्रिटिश उच्चार 'स्कॉलप' असाही ऐकू येतो. पण एका मजकुरात एकच रूप ठेवा, आणि मराठीत 'स्कॅलप' जास्त रुळला आहे.